सांगून जायचं

विसाव्याची बाई पहिल्यांदा आली तेव्हा सूनबाई दारात उभी होती आणि काही केल्या पाय बाहेर टाकत नव्हती.

"जा की," मी म्हटलं. "थोडा वेळ तुझा आहे. फिरून ये, कुठेतरी बस, डुलकी काढ."

"डुलकी कुठे काढू, आई? रस्त्यात?"

विसाव्याची बाई हे नाव मी ठेवलेलं. माझा मुलगा फौजेत. ज्या घरातला माणूस लांबच्या ठाण्यावर आहे आणि घरी कुणाला घटकाभरही एकटं सोडता येत नाही, अशा घरात फौजेचं कुटुंब कल्याण कार्यालय आठवड्यातून काही तास एक बाई पाठवतं. तेवढ्या वेळात घरच्या बाईने विसावा घ्यायचा. आमच्या घरी आलेली बाई पूर्वी बसमध्ये कंडक्टर होती. अंगाने भरभक्कम, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरचे लोक तिकीट काढायला वर येतील.

ज्याला एकटं सोडता येत नाही ते माणूस म्हणजे माझी नात. बारा पुरी झाली, उंचीने आईच्या कानाला लागली, पण तोंडातून एक शब्द नाही. बापाने तिचं नाव कर्नल ठेवलं. म्हणायचा, "ही बोलत नाही, पण हुकूम हिचाच चालतो." खरंच होतं ते. तिने पडदा ओढला की आम्ही अंधारात बसायचो आणि तिने ताट सरकवलं की आमचंही जेवण संपायचं.

आता विसावा हवाच होता, आणि तो फिरायला जाण्यासाठी नव्हता. सुनेच्या पित्ताशयात खडे झाले होते. ऑपरेशन तिने दोनदा पुढे ढकललं. तिसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, "पुढच्या वेळी तुम्ही चालत येणार नाही, तुम्हाला उचलून आणतील." तारीख ठरली. ती दवाखान्यात असेपर्यंत कंडक्टरबाई आमच्या घरी राहणार होती. मी असून नसल्यासारखी. गुडघे गेलेले, कर्नलने रागात नुसता धक्का दिला तरी मी भिंतीवर.

पण कार्यालयाची अट होती. कर्नल त्या बाईजवळ आधी रुळली पाहिजे. नाही रुळली, तर तेवढे दिवस तिला दुसऱ्या गावच्या निवासी केंद्रात ठेवावं लागेल. सूनबाई ते केंद्र बघून आली होती. स्वच्छ आहे, माणसं चांगली आहेत, असं म्हणाली. त्या संध्याकाळी जेवली मात्र नाही. भांडी घासता घासता मध्येच म्हणाली, "तिथे पलंगांना कठडे आहेत, आई." आणि पुन्हा घासायला लागली, आधीच घासलेलं पातेलं.

तर पहिल्या दिवशी कर्नल न्हाणीघरात होती. पाणी तिचं भारी लाडकं. कंडक्टरबाई आत तिच्या पायांवर तांब्या ओतत होती. सूनबाईने मला डोळ्याने खूण केली, चपला हातात घेतल्या आणि अनवाणी जिना उतरली.

ही आमच्या घराची रीतच होती. माझा मुलगा सुट्टी संपवून जायचा तो असाच. सामान आदल्या दिवशीच शेजारच्या क्वार्टरमध्ये नेऊन ठेवायचा आणि पहाटे पोरगी झोपेत असताना बूट हातात घेऊन मोज्यांवर निघायचा. "रडारड नको," म्हणायचा. आमच्या त्या सगळ्या सारख्या दिसणाऱ्या इमारतींत असे मोज्यांवर जिने उतरणारे बाप पुष्कळ होते.

कर्नल न्हाऊन बाहेर आली. स्वयंपाकघरात बघितलं. कपाट उघडलं, पलंगाखाली वाकली. मग दार, खिडकी, दार, खिडकी. ओल्या पायांचे ठसे फरशीवर एकावर एक.

"चला, पुढे सरका, मागे जागा आहे!" कंडक्टरबाईने थट्टा करून पाहिली. कर्नलने दारावर डोकं आपटलं. बाईने मध्ये हात घातला तर हाताला चावली.

सूनबाई धावतच परत आली. कुठे लांब गेलीच नव्हती, समोरच्या जिन्यात बसून होती.

"हा कसला विसावा!" मी म्हटलं.

"मला जमत नाही तो, आई. हातात काही नसलं की हातच कुठे ठेवू कळत नाही."

त्या दिवसापासून कर्नल न्हाणीघरात पाऊल टाकेना. उंबऱ्याशी नेलं की आईच्या अंगावरच चढायची. शेवटी ओल्या फडक्याने अंग पुसायची पाळी आली. पुढच्या वेळी सूनबाई पोरगी जेवत असताना सटकली. मग जेवण बंद. एका हाताने आईची बाही धरल्याशिवाय घास तोंडात जाईना, आणि कंडक्टरबाईने भरवलेला तर थेट भिंतीवर. घरात वास, भिंतीवर डाग, आणि आम्ही तिघी एकमेकींच्या पायात येतोय. मी उगाच उठायची, उगाच बसायची. कॅलेंडरकडे कुणी बघत नव्हतं, पण सगळ्यांना तारीख दिसत होती.

"आजी, मला ऑफिसात सांगावं लागणार," कंडक्टरबाई एकदा निघताना हळू म्हणाली. तिचं हळू म्हणजे आपलं साधं बोलणं. "पोरगी रुळली म्हणून खोटं नाही सांगणार मी. उद्या काही झालं तर?"

"सांगा बाई. तुमचं काय चुकलंय!"

सूनबाई तेव्हा कर्नलचे हात पुसत होती. पोरीने तिची बाही घट्ट मुठीत धरलेली. सूनबाईचं फडकं मध्येच थांबलं.

"आई, ही नीट झोपत का नाही? कधीपासून?"

"तो मागच्या वेळी गेला तेव्हापासून."

"ही झोपेत असताना ते गेले. मी हिची अंघोळ चालू असताना गेले, मग जेवताना." तिने मुठीकडे बघितलं. "हिला वाटतंय, आपलं लक्ष गेलं की माणूस जातं."

रविवारी मुलाचा फोन आला. त्याच्या ठाण्यावरून फोन लागणं नशिबाचं काम. तो विचारायचा, "सगळं ठीक?" आणि आम्ही म्हणायचो, "सगळं ठीक." तिकडे बंदूक धरून उभा असलेल्या माणसाच्या डोक्याला घरचा घोर नको, असं आम्ही दोघींनी ठरवलेलं. खड्यांचं त्याला माहीतच नव्हतं.

"आई, सगळं ठीक?"

"ठीक आहे रे. तू जेवतोस ना वेळेवर?"

सूनबाईने माझ्या हातातून फोन घेतला आणि स्पीकरवर टाकला. "अहो, ठीक नाहीये."

"काय झालं?"

"पोरीने कितीतरी दिवस अंघोळ केली नाहीये. खात नाहीये. आणि पुढच्या आठवड्यात माझं ऑपरेशन आहे."

"ऑपरेशन? कसलं ऑपरेशन? मला कुणी सांगितलं का नाही?"

"आता सांगतेय ना."

"मी रजा मागतो." मग आवाज खाली गेला. "रस्ता बंद आहे गं इथला. उघडेपर्यंत खाली कुणीच उतरू शकत नाही."

"तुम्ही या म्हणून नाही सांगत मी. पुढच्या वेळी जाल तेव्हा तिला उठवून जायचं. तिच्यासमोर बूट घालायचे."

"अगं, ती घर डोक्यावर घेईल."

"घेऊ दे! चोरासारखा जातोस तू!" लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी तिच्या तोंडून त्याला तू ऐकलं. तिच्याही लक्षात आलं नसावं. "त्रास नको, त्रास नको. कुणाला नको? तिला की तुला?"

फोनमध्ये नुसता वारा ऐकू येत होता. मला वाटलं, लाइन गेली.

"ती दारात नुसती उभी राहिली ना," तो म्हणाला, "तर माझा पाय निघणार नाही."

मग खरंच लाइन गेली.

दुसऱ्या दिवशी कंडक्टरबाई आली तेव्हा सूनबाई कर्नलसमोर जमिनीवर बसली. पोरीचे दोन्ही हात आपल्या गालांवर ठेवले. चपला दाखवल्या, दार दाखवलं. "मी जातेय. मावशी इथे आहे. मी परत येणार आहे."

"जाते म्हणू नये गं, येते म्हण," मला राहवलं नाही.

"नको आई. जातेय तर जातेयच म्हणू दे."

कर्नलने तिचे केस धरले. अशी किंचाळली की शेजारचे दरवाजे उघडले. मी म्हटलं, पुरे कर, नको हा खेळ. सूनबाई केस सोडवून घेऊन गेली, आणि थोड्या वेळाने सरळ समोरच्या दाराने परत आली. कंडक्टरबाईने कार्यालयाला विचारून रोजचं येणं मागून घेतलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. फरक पडला असं म्हटलं तर खोटं होईल. किंचाळणं होतं तेवढंच होतं. फक्त एका दुपारी कंडक्टरबाईने न्हाणीघराबाहेर बादली ठेवली, तेव्हा कर्नलने तीत एक पाय बुडवला. एकच.

"पायापुरती रुळलीय," बाईने कार्यालयात सांगितलं. तिकडचे साहेब म्हणाले, घरी ठेवायची तर तुमच्या जबाबदारीवर ठेवा. नाही जमलं तर केंद्राची गाडी केव्हाही येईल.

ऑपरेशनला जायचा दिवस उजाडला. सूनबाईने बॅग लपवली नाही, खोलीच्या मधोमध ठेवून भरली. आमच्या घरातून बॅग गेली की माणूस महिनोन् महिने दिसत नाही. कर्नलने ती बघितली आणि उलटी केली. कपडे, टॉवेल, कंगवा, सगळं फरशीवर. सूनबाईने भरली. कर्नलने उलटी केली. पुन्हा भरली, पुन्हा उलटी. खालून गाडीचा हॉर्न. सूनबाई वाकली ती बरगडीखाली हात दाबून तशीच बसली. तोंड पांढरं पडलेलं.

"ताई, गाडीवाला निघून जाईल हं," कंडक्टरबाई म्हणाली.

माझं धाबं दणाणलं. "मी हिला आतल्या खोलीत नेते," मी कुजबुजले. "तू निघ हळूच."

"नाही."

ती भिंत धरून उठली. बॅग तिथेच सोडली आणि रिकाम्या हातांनी दारात गेली. वळून पोरीकडे बघितलं. "मी जातेय. दवाखान्यात. बरी होऊन येतेय."

कर्नल तिच्यासमोर येऊन उभी राहिली. किंचाळली नाही. दोन्ही हात आईच्या छातीवर ठेवले आणि ढकललं. सूनबाई उंबऱ्याबाहेर. कर्नलने तिच्या चपला उचलून तिच्यामागे भिरकावल्या, धाडकन दार लावलं आणि कडी घातली.

बाहेर सगळं शांत. मला वाटलं, पडली की काय जिन्यावर.

मग हसू ऐकू आलं. रडण्यातून येणारं. "आई! हाकललं हो मला हिने!"

"लागलं का गं?"

"नाही! कडी काढू नका तिची!" आणि चपला वाजवत ती जिना उतरत गेली. प्रत्येक पायरी ऐकू आली, आम्हाला आणि कर्नललाही.

कंडक्टरबाईने कपडे कोंबून बॅग भरली आणि खिडकीतून खाली ओरडली, "ओ ड्रायव्हरसाहेब! झेला!" बॅग गेली. खालून एक शिवी आली.

पुढे तो दिवस काही केल्या सरेना. कर्नल दाराला पाठ लावून बसली. कुणालाही उघडू देईना. कंडक्टरबाईची कपड्यांची पिशवी घेऊन तिचा भाऊ आला, त्याला बंद दाराआडूनच परत पाठवलं. मी ताट पुढे केलं, तिने सरकवून दिलं. पाणी मात्र प्यायली, माझ्याच हातचं. मी खिडकीशी जायची, घड्याळाशी जायची, देवाचं नाव घ्यायची आणि मध्येच विसरायची. केंद्राचा फोन नंबर कंडक्टरबाईच्या खिशात होता. ती खिशाकडे हात नेत नव्हती, पण माझी नजर सारखी तिथेच.

संध्याकाळी फोन वाजला. सुनेचा आवाज जड, लांबून आल्यासारखा.

"झालं, आई. काढले." मग लगेच, "खाल्लं का तिने?"

हो, असं जिभेवर आलंच होतं. पोटाला टाके पडलेल्या बाईला काय सांगायचं दुसरं?

"नाही," मी म्हटलं. "पाणी प्यायलीय."

"काय करतेय?"

"दाराशी बसलीय. कुणाला उघडू देत नाही."

"रडतेय?"

"नाही गं. रागावलीय."

"रागावू दे. आले की माझ्यावर काढेल." मग नर्सने फोन घेतला असावा, कारण कुणीतरी म्हणालं, आता पुरे.

मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिले. कंडक्टरबाईने स्वतःचं ताट वाढून घेतलं होतं. उकडलेले बटाटे, मीठ, पाव. ती कर्नलच्या शेजारी फरशीवर फतकल मारून बसली आणि तिच्याकडे न बघता जेवायला लागली. दिवसभर तिच्याही पोटात काही नव्हतं, तसंच जेवत होती.

कर्नलचा हात आला. ताटातला एक बटाटा उचलला, हुंगला आणि परत ठेवला. बाईने तोच बटाटा खाऊन टाकला.

कर्नलने तिच्याकडे वळून बघितलं. मग दुसरा उचलला. तोही हुंगला. पण परत ठेवला नाही, मुठीत धरून बसली.

"आजी," बाई घास तोंडात ठेवूनच म्हणाली, "हलू नका तिथून."

मी कसली हलतेय!