उबेची मोळी

मी एक जुनी भट्टी आहे, आणि आता तर पार गार पडलेली. मित्रांनो, हाल्टेनराथ गावात चर्च आणि बदकांचं तळं यांच्या मधे विटांची एक बुटकी खोली आहे. तिच्यात मी राहते. माझ्यात फक्त पाव भाजला जायचा. राय नावाच्या धान्याचा, काळा, जाड सालीचा पाव, जो आठवडाभर टिकायचा आणि म्हाताऱ्यांचे उरलेसुरले दात पाडायचा.

माझा जन्म आगीमुळे झाला. पूर्वी इथे घरोघरी चुली आणि भट्ट्या होत्या. घरं लाकडी चौकटीची, मधे माती आणि पेंढ्याचा भराव, वर गवताचं छप्पर. एक ठिणगी उडाली की पुरे. दोनदा गाव जळालं. मग वरून हुकूम सुटला, की यापुढे घरात कुणी पाव भाजायचा नाही, सगळ्या गावाची मिळून एकच भट्टी असेल आणि ती घरांपासून दूर, पाण्याजवळ असेल. कुंभाराने वेताचा एक मोठा पिंजरा विणला, त्यावर मातीचा घुमट लिंपला, आणि पहिली आग लावली तेव्हा तो वेत आतल्या आत जळून गेला. माझा सांगाडा मी जन्मतानाच गमावला. तेव्हापासून मी केवळ स्वतःच्या वाकण्यावर उभी आहे.

आमच्याकडची जमीन सपाट. चिखल झाला तर बूट ओढून घेणारी, पण बीट आणि गहू असे काही द्यायची, की शेजारच्या गावांनी जळावं. डोंगर नाही, नदी नाही, बघायला यावं असं काही नाही. पॉप्लरच्या झाडांच्या दोन रांगा, एक चर्च, एक गुत्ता. चर्चचा मनोरा थोडा कलता होता आणि गुत्त्यातून बाहेर पडणारे म्हणत, "मनोरा सरळच आहे, आपणच कलतोय." एवढंच आमचं वैभव.

आता माझ्या कामाची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच घडलं. शनिवारी संध्याकाळी बायका माझ्या दाराशी जमत. प्रत्येक घराची खूण कोरलेली एक लाकडी चकती असे. कुणाचा बाण, कुणाची शिडी, कुणाचा कोंबड्याचा पाय. चकत्या टोपीत घालून एकेक काढायची, आणि ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने पुढच्या आठवड्यात भाजायचं. पहिली चकती म्हणजे नशीब फुटकं. पहिलीला गार भट्टी मिळायची. मला तापवता तापवता तिचं निम्मं सरपण संपायचं, आणि पाव तरी खालून फिकाच राहायचा. दुसरीला मात्र आयती ऊब. म्हणून गावाने एक नेम घालून दिला होता. दुसरीने पहिलीला एक मोळी द्यायची. ती नोकराच्या हाती पाठवायची नाही, स्वतः उचलून आणायची. आणि घेणारीने ती त्याच दिवशी, न सोडता, अख्खी माझ्यात सारायची. ठेवून दिली किंवा परत पाठवली तर ते त्या घराच्या तोंडावर दार लावण्यासारखं. या मोळीला 'उबेची मोळी' म्हणत.

टिली आणि फीना या शेजारणी. दोघींच्या घरांची भिंत एकच. लहानपणी त्या माझ्या दाराशी बसून गरम पावाच्या कडा पळवत आणि बिटाच्या काकवीत बुडवून खात. एक शिंकली की दुसरीने "देव भलं करो" म्हणावं, अशी ती जोडी. लग्नंसुद्धा एकाच वर्षी झाली. मग लढाई आली. टिलीचा नवरा रशियाच्या बर्फात राहिला. फीनाचा हूबेर्ट परत आला, पण खोकत आला.

लढाईनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात असा गारठा पडला की तळ्यातली बदकं माणसांनी खाल्ली. आसपासचं रान आधीच तोडून झालेलं. लोक झाडांची मुळं उकरून जाळत होते. त्या शनिवारी पहिली चकती टिलीची निघाली आणि दुसरी फीनाची. सोमवारी टिलीने होतं नव्हतं तेवढं सरपण माझ्यात घातलं आणि दाराकडे बघत बसली. फीना आली नाही. मला काही तिच्या पिठाला पुरेल एवढी ऊब धरता आली नाही. पाव बाहेर आला तो आतून चिकट, मातीसारखा.

तो हातात धरून टिली रस्त्यात उभी राहिली आणि फीनाच्या खिडकीकडे बघून ओरडली, "तुझा तरी परत आलाय ना गं! तरी एक मोळी सुटली नाही तुझ्या हातून?"

खिडकी उघडली नाही. वसंतात हूबेर्ट गेला, तेव्हा टिली त्याच्या मातीला गेली, पण फीनाशी बोलली नाही. त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलल्याच नाहीत. एकच भिंत, दोन बाजूंना दोन विधवा, आणि इकडच्या खोकल्यावर तिकडून एक शब्द नाही. मित्रांनो, मी विटामातीची आहे, पण मला ते सोसवायचं नाही.

पुढे गावाला बरे दिवस आले आणि माझे वाईट. घराघरांत विजेच्या शेगड्या आल्या. मंगळवारी पाववाल्याची गाडी भोंगा वाजवत येऊ लागली. गरज सरो, वैद्य मरो. माझ्या खोलीत आगीच्या बंबाचे पाइप ठेवले. माझ्या पोटात कार्निव्हलच्या मिरवणुकीतली कागदाच्या लगद्याची मुंडकी कोंबली. वर्षभर एक लालबुंद राजा आणि एक नाकाडी चेटकीण माझ्या आत तोंडाला तोंड लावून पडलेली असायची. हसू येतं ना? मलाही यायचं. पण पावाचा वास जाऊन गोंदाचा वास यावा, याचं दुःख मी कुणाला सांगणार होते?

आणि मग कळलं, की आमच्या गावाखाली कोळसा आहे.

तपकिरी कोळसा, वीज करायला लागतो तो. खाण तिकडे क्षितिजाशी कधीची चालू होती. आता तिचं जमीन खणणारं अवाढव्य चाकाचं यंत्र आमच्या दिशेने सरकू लागलं. शेतं घेतली, घरांच्या किमती ठरल्या, कबरींतली माणसंसुद्धा उचलून नव्या जागी न्यायचं ठरलं. नव्या जागेचं नाव 'नवं हाल्टेनराथ'. सगळी घरं एकसारखी, झाडं काठीला बांधलेली. गल्ल्यांना मात्र जुनीच नावं दिली, म्हणजे आपण कुठे आहोत ते लोकांना आठवावं, किंवा विसरावं.

शाळेतून निवृत्त झालेले एसर मास्तर तेव्हा हट्टाला पेटले. "मनोरा नेता येत नाही, लिंडेनचं झाड नेता येत नाही. निदान भट्टी तरी नेऊ!" असं ते ग्रामसभेत म्हणाले. त्यांनी शहरातून एक जाणकार आणला. त्याने मला ठोकून पाहिलं आणि सांगितलं, "घुमट शाबूत आहे. लोखंडी पट्ट्या आवळून अख्खी उचलता येईल. पण आधी आतला ओलावा काढा. छोटा जाळ, तीन दिवस, हळूहळू. आणि हे बघा, एक जरी तडा गेला तर विषय संपला. मग ती उचलताना ढासळेल."

माझा जीव टांगणीला लागला. मलाही जायचं होतं हो. म्हातारपणी का होईना, कुणाच्या तरी पावाच्या वासात पडून राहावं, एवढीच माझी इच्छा होती.

जाळ लावायचं काम टिलीकडे आलं. तिने मुंडकी बाहेर काढली, मला झाडलं, आणि दोन दिवस मूठमूठभर काटक्या लावल्या. माझ्या भिंतींतून वाफ निघाली. तिसऱ्या दिवशी शेवटचा पाव भाजायचा आणि चर्चमधल्या शेवटच्या प्रार्थनेला वाटायचा, असं ठरलं होतं. जुन्या आठवणीसाठी मास्तरांनी चकत्याही काढल्या. पीठ मळणारी अशी दोन-चारच घरं उरली होती. पहिली चकती निघाली शिडीची, म्हणजे टिलीची. लोक हसले, "नशीब काही बदलत नाही टिलीकाकूचं!" दुसरी निघाली कोंबड्याच्या पायाची. हसू तिथेच थांबलं, कारण ती फीनाची होती.

फीना नव्या गावात जाणार नव्हती. तिची लेक तिला हाम्बुर्गला, आपल्या फ्लॅटवर नेणार होती. त्याच आठवड्यात.

तिसऱ्या दिवशी सकाळी टिली माझ्यापुढे वाकून बसली होती. मास्तर मागे हात बांधून येरझारा घालत होते. एवढ्यात दारात उजेड अडला. फीना उभी होती. पाठीवर मोळी. साधीसुधी नाही, बीच झाडाच्या वाळक्या फांद्यांची, दोन मोळ्यांची एक केलेली. धाप लागली होती तिला.

"घे," ती म्हणाली. "उशीर झाला."

टिली उठली नाही. "झाला खरा."

"त्या वेळी होती घरात एक मोळी. हूबेर्ट काळानिळा पडला होता थंडीनं. त्याच्या उशाशी जाळली."

"मग सांगायचंस की!"

"तू रस्त्यात उभी राहून बोंब मारलीस. सगळ्या गावासमोर. मग काय सांगू?"

"दार उघडून शिव्या तरी द्यायच्यास, फीने. मी भिंतीला कान लावून बसायचे."

"मीही," फीना म्हणाली.

 मग टिलीने हात पुढे करून मोळी घेतली, आणि मास्तरांच्या लक्षात आलं. "अहो टिलीबाई, थांबा! ती आत नका घालू. एवढा मोठा जाळ नाही सोसणार तिला, घुमट तडकेल! आपण सगळी धडपड कशासाठी केली?"

"मास्तर बरोबर बोलतायत," फीना घाईने म्हणाली. "मला कळतं गं. नको जाळू. तू घेतलीस, मला पावलं. नुसती ठेव."

"ठेवून काय करू? इतकी वर्षं ठेवलंच ना सगळं!" टिलीचा आवाज फाटला. "उबेची मोळी ठेवायची नसते. तुझ्या तोंडावर दार लावू होय मी आता?"

मग तिने माझ्या कपाळावर, म्हणजे तोंडावरच्या विटेवर, हात ठेवला. पीठ लागलेला, खरखरीत हात. मला विचारल्यासारखा. मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर काय बोलले असते, ते मलाच ठाऊक नाही. मला जायचं होतं. पण या दोघींना मी परकराच्या वयापासून पाहिलेलं होतं.

टिलीने मोळी अख्खी आत सारली.

जाळ असा उसळला की माझी जुनी, अर्धी ओली माती किंचाळली. तोंडापासून पाठीपर्यंत कडाड करून एक तडा गेला. मास्तर मटकन पायरीवर बसले आणि मोठ्या माणसाने रडू नये तसे रडले. फीनाने तोंडाला डोक्याच्या रुमालाचं टोक लावलं. टिली मात्र जाळ बसताच निखारे ओढत होती, ओल्या फडक्याने तळ पुसत होती. "पाव घाल गं," ती म्हणाली. "दोन्ही एकदम घालू. पहिली-दुसरी काही नको."

मी पाव होईपर्यंत जीव धरून राहिले. तड्यातून ऊब निसटत होती, पण पाठीच्या बाजूला जेवढी होती तेवढी सगळी मी त्या दोन पावांना दिली. एका बाजूने करपले, दुसऱ्या बाजूने फिके राहिले. तरी ते पाव झाले. दोघींनी माझ्या पायरीवर बसून एकाची कड मोडली आणि काकवीत बुडवून खाल्ली. बोलल्या फार थोडं. फीना म्हणाली, "मीठ कमी आहे." टिली म्हणाली, "तुझ्यात नेहमीच कमी असतं."

गुरुवारी लेकीची गाडी आली आणि फीना गेली. जाणकार आला, तड्यावरून बोट फिरवलं, मान हलवली आणि गेला. मग एकेक करून सगळेच गेले. खिडक्या काढून नेल्या, दारं काढून नेली. घंटा उतरवली. आता गावात भटकी मांजरं आहेत आणि मी आहे. यंत्राचं चाक पॉप्लरांच्या पलीकडे आलेलं आहे, आणि ते फिरतं तेव्हा माझ्या विटा थरथरतात.

काल टिली आली होती. नव्या गावाहून बसने, मग कुंपणाच्या फटीतून. हेझलच्या झुडपाच्या काटक्यांची एवढीशी मोळी घेऊन. माझ्या तोंडाशी बसली आणि म्हणाली, "फीना गेली गं. तिकडे हाम्बुर्गमधे, झोपेतच. लेकीचा फोन आला होता." बराच वेळ ती तड्याकडे बघत होती. मला वाटलं, तिला आता पस्तावा होत असेल. पण ती हळूच म्हणाली, "बरं झालं, जाळली."

मग तिने ती छोटी मोळी माझ्या तोंडात ठेवली. पेटवली नाही. "ही तुझी," म्हणाली. "गार पडून पुन्हा तापायचीस ती दरवेळी तूच, म्हणजे पहिली चकती कायम तुझीच, आणि तुला कुणी कधी मोळी दिली नाही. आता कुणासाठी तापू नकोस." भिंतीला धरून ती उठली आणि कुंपणाच्या फटीतून निघून गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू जपा, असं मी तुम्हांला सांगायला हवं. जपा, जमेल तितकं. पण मला जपून नेलं असतं, तर आज मी एखाद्या नव्या चौकात, लोखंडी पट्ट्यांत, शाबूत आणि गार उभी असते. त्यापेक्षा माझं एवढं ऐका. कुणाला द्यायची असलेली मोळी तुमच्या घरात पडून असेल, तर ती आजच पाठीवर घ्या आणि त्या दारी जा. उद्या भट्टी असेलच असं नाही, आणि दार उघडणारीही.

चाक जवळ येतंय. माझ्या तोंडात हेझलच्या काटक्या आहेत. त्यांना अजून ओल्या झाडाचा वास येतोय.