साठातले एकोणसाठ

अकरा वर्षं मी लोणी काळभोरला दवाखाना चालवते आहे. वारज्याहून रोज जाते-येते. चाळिशीत माझ्या डोक्यात संशोधनाचं खूळ शिरलं, असं नवऱ्याचं, सलिलचं मत. हृदयावर संशोधन करणाऱ्याला पैसे देणारे पुष्कळ. सर्दीपासून साखरेपर्यंत सगळं बघणाऱ्या फॅमिली डॉक्टरला कोण देणार? तरी एका संस्थेनं आमच्यासाठी दोन वर्षांचं प्रशिक्षण काढलं, विद्यावेतनासकट. जागा एकच. आधी आपल्याच पेशंटचा छोटा अभ्यास करून दाखवायचा होता.

मी मधुमेहाचे साठ पेशंट निवडले. दर महिन्याला फोन करून गोळ्यांची आठवण करून द्यायची, आणि तिचा उपयोग होतो का ते बघायचं. रक्त तपासायला पैसे नव्हते, म्हणून नुसता फॉर्म. सहा महिन्यांनी साठातले एकोणसाठ जण म्हणाले, गोळी रोज घेतो. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मी स्वतः थायरॉइडची गोळी आठवड्यातून दोनदा विसरते. पण मला ती जागा हवी होती, म्हणून मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं.

माझी निवड झाली. पत्र आलं त्याच आठवड्यात त्या साठांपैकीच एक, शालूताई, दवाखान्यात आल्या. पायाचा अंगठा काळा पडलेला, साखर चारशे बारा.

"फॉर्ममध्ये तर रोज गोळी घेते म्हणालात!" मी जवळजवळ ओरडलेच.

"आता खरं सांगते, मॅडम. चार महिनं झालं, गोळीच न्हाई घेतली. आमच्यातले बजरंगभाऊ म्हनले, मॅडमची परीक्षा हाय. आपन वाईट सांगितलं तर त्या नापास व्हतील. मग समद्यांनी ठरवलं."

"सगळ्यांनी?"

"एक अपेक्षाबाई सोडून. तिला खोटं बोलाय जमत न्हाई."

मला भयंकर राग आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना. सहा महिने फॉर्मवर विश्वास ठेवून मी या बाईंना पाय बघण्यासाठी एकदाही चप्पल काढायला लावलं नव्हतं.

मी संस्थेला सगळं खरं कळवलं. दोन ओळींचं उत्तर आलं. प्रामाणिकपणाचं कौतुक होतं आणि निवड रद्द होती. दुसरा कुणी पात्र फॅमिली डॉक्टर नसल्यामुळे यंदाचा निधी हृदयरोग विभागाकडे वळवला होता. सलिलनं ते वाचलं आणि म्हणाला, "अभिनंदन. हृदयाचं तरी भलं झालं." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

शालूताईंचा पाय घोट्याच्या वर कापावा लागला. चौथ्या दिवशी त्यांना भेटायला हॉस्पिटलात गेले. मला बघताच त्या उठून बसायला लागल्या.

"मॅडम, त्या परीक्षेचं काय झालं? पास झालात न्हवं?"

चादरीखाली डावीकडे जिथं पाऊल असायचं तिथं सपाट होतं. मी तिकडं बघायचं टाळलं.

"झाले," मी म्हणाले.

त्या खुदकन हसल्या आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईंना म्हणाल्या, "आमच्या डॉक्टर मॅडम. पास झाल्या बघा."