सिग्नल नाही

आटपाट गल्ली होती. गल्लीत एक बाइंडर राहायचा, पुस्तकं बांधणारा. त्याची बायको शिवणकाम करायची. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. लेक लग्न होऊन दूरगावी गेलेली. आणि एक दीर, ज्याला जगातलं सगळं ठाऊक. त्या घरात शिलाई मशीनच्या शेजारी मी. मी संगणकाचा पडदा बोलतोय.

आधी मी एका छापखान्यात होतो. दिवसभर जाहिराती दाखवून दाखवून डोळे शिणायचे. तिथे माझ्यापेक्षा रुंद पडदे आले आणि मी पोत्यांमागे धूळ खात पडलो. दीर तिथेच कामाला, त्यानं मला उचलून या घरी आणलं.

इथे माझी चैन झाली. आईला मोबाईलमधली इवलीशी बोटं दिसायची नाहीत, म्हणून लेक माझ्यात येऊन बोलायची. तोंडानं नव्हे, हातांनी. आईला घंटी ऐकू येत नाही, म्हणून लेकीनं अशी सोय करून ठेवली होती की तिचा फोन आला की आपोआप उचलला जायचा. मायलेकींचे चार हात असे काही भांडायचे, हसायचे, की काय सांगू.

तर लेक बाळंतपणाला दवाखान्यात गेली, आणि नेमक्या त्याच सकाळी दिरानं संगणकाचा कर्नल बदलला.

"कर्नल? कुठल्या पलटणीतला?" बाइंडरनं विचारलं.

दीर म्हणाला, दादा, कर्नल म्हणजे यंत्राचा गाभा. नवा घातला की यंत्र पळतं.

पळालं कसलं! यंत्र चालू झालं, पंखा फिरला, सुरुवातीचा सूर वाजला, आणि माझ्यापुढे मिट्ट काळोख. गाभा नवा आला, पण चित्र पाठवणाऱ्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम, जुनाच; त्या दोघांचं जमेना. माझ्यापर्यंत काही पोचेचना. माझे स्वतःचे असे दोनच शब्द आहेत, तेवढे मी पुन्हा पुन्हा लिहीत राहिलो: सिग्नल नाही.

तर दिरानं मलाच थापड मारली. वायर काढली, फुंकली, उलटी लावून पाहिली. दुसरी वायर आणली. परत थापड. बंद कर, चालू कर. दर वेळी हा माणूस टेबलाखाली शिरायचा आणि संगणकाच्या पेटीला कान लावून सूर वाजायची वाट बघायचा. सूर वाजला की खुशीत वर यायचा, आणि मी काळाच. "पडदाच गेला, दादा. भंगारात द्या." अरे मेल्या, माझ्याकडे बघ तरी!

इतक्यात फोन आला. लेकीचा आवाज घरभर घुमला. माझ्या डोक्यावरचा कॅमेरा शाबूत होता, म्हणजे आई तिला दिसत होती. पण आईपुढे नुसती काळी काच. आईला फोन आल्याचंही कळलं नाही. बाइंडरनं तिच्या खांद्याला हात लावून सांगितलं, तेव्हा ती त्या काचेलाच हातांनी विचारू लागली: कशी आहेस? दुखतंय का?

"बाबा, बाळ आडवं आहे. थोड्या वेळानं ऑपरेशनला नेतील. आईला सांगा घाबरू नकोस."

आता या बाइंडरचे हात म्हणजे तोतरे. ऑपरेशन सांगायला गेला आणि पोट फाडल्याची खूण केली. आई पांढरीफटक पडली. तो घाईघाईनं सावरायला गेला, तर आणखीच भलतं झालं. लेकीला ते सगळं दिसत होतं.

"बाबा, तुम्ही नका सांगू. मला न्यायच्या आत तिला माझे हात दिसू देत. काका, काहीतरी करा हो."

दिरानं संगणक पुन्हा बंद करून चालू केला, आणि सवयीनं निघाला टेबलाखाली. पण ज्या बाईला सूर ऐकूच येत नाही ती काय ऐकणार? ती सकाळपासून माझ्याकडेच टक लावून बसली होती. तिनं दिराची हनुवटी धरली, आणि त्याचं तोंड माझ्याकडे वळवलं.

काळोखाआधी क्षणभर माझ्यावर दोन ओळी उमटायच्या: नवा गाभा की जुना? सकाळपासून मी ओरडून विचारत होतो. त्यानं आज पहिल्यांदा वाचलं.

"वहिनी," तो पुटपुटला, "हा तर दर वेळी विचारतोय."

त्यानं खालच्या बाणाचं बटण दाबून जुना निवडला. सूर वाजला, आणि मला उजाडलं. फोन पुन्हा लागला. लेक खाटेवर बसलेली, डोळे भरलेले, हात मात्र ठाम. तिनं सांगितलं, बाळाला बाहेर काढायला छोटीशी वाट करतील, मला दुखणार नाही, मी येते. आईनं हातांनी उत्तर दिलं, जा, मी इथेच बसते. आणि तुझ्या बाबांचे हात आधी शिवून टाकते. लेक खाटेवर खुदकन हसली, आणि तशीच हसत आत गेली.

बाबांनो, पडदा काळा झाला की त्याला बडवू नका. तो काय म्हणतोय ते एकदा वाचा.

दुपारी लेक पुन्हा माझ्यात आली, थकलेली, सुखरूप. कुशीत मुलगी, गालाखाली मूठ घेऊन गाढ झोपलेली. आईनं आपली मूठ गालाला लावली, आणि लेकीनंही तीच खूण केली. पुढे कागदावर काय नाव लिहिलं कुणास ठाऊक. या घरात गालावरची मूठ हेच नातीचं नाव झालं, आणि बाइंडरच्या तोतऱ्या हातांनासुद्धा ते पहिल्याच फटक्यात जमलं.