थंडीची टाकी

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे. पाण्याची नव्हे, थंडीची. पत्र्याच्या दोन भिंती आणि त्यांच्या मधली हवा काढून घेतलेली, अशी माझी घडण. आत द्रवरूप नायट्रोजन, बर्फाहून कितीतरी गार.

माणसाच्या चरबीतून काढलेल्या मूळपेशी माझ्या पोटात बोटाएवढ्या नळ्यांमध्ये गोठून असत. पुढे कधी उपचाराला लागतील म्हणून लोक त्या ठेवून जात. त्यांत शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या. मशीन चालवून त्यांचा गुडघा कुरकुरू लागला होता. सोबत आलेल्या थोरल्या जाऊबाई हसून म्हणाल्या, "लोक चरबी उतरवायला धडपडतात आणि तू सांभाळायला निघालीस."

"अंगात दम आहे तोवर ठेवते. म्हातारपणी शोधून सापडायचा नाही," बाई म्हणाल्या.

वर्षं गेली. पाहुणे मला बघून वाखाणत. माझी धोक्याची घंटा मात्र उगाचच वाजू लागली होती. कामाचा खोळंबा होतो म्हणून प्रयोगशाळेतल्या मदतनिसानं तिचा आवाज बंद करून टाकला. पुढे लागोपाठ सुट्ट्या आल्या आणि नेमकी तेव्हाच माझ्या आतल्या भिंतीला बारीक चीर पडली. बाहेरून मला घाम फुटला आणि नायट्रोजन हळूहळू उडून गेला. लाल दिवा तेवढा लुकलुकत राहिला.

सुट्टी संपवून आलेल्या मदतनिसाचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं नळ्या नव्या टाकीत हलवल्या. त्या पुन्हा गोठल्या, पहिल्यासारख्याच दिसू लागल्या.

"मॅडम, बघून कुणाला कळणार नाही," तो प्रयोगशाळेच्या प्रमुखांना हळूच म्हणाला.

त्यांनी काही नळ्या तपासल्या. पेशी मेल्या होत्या.

"कळणार नाही, म्हणूनच सांगायला हवं. नाहीतर उद्या हेच कुणाच्या तरी गुडघ्यात टोचलं जाईल," त्या म्हणाल्या आणि स्वतः एकेकाला फोन करत बसल्या.

शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. सगळी हकीकत त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

"आम्ही पुन्हा काढून ठेवू," प्रमुख म्हणाल्या.

"चरबी काय, भरपूर आहे अजून. तेव्हाचं वय कुठून काढाल?"

मग मदतनीस पुढे आला. "आवाज मी बंद केला होता, ताई."

"त्रास व्हायचा का त्याचा?"

"हो."

"तो त्रास सोसणं हेच तुमचं काम होतं ना?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. मदतनिसाची मान खाली गेली.

गुडघ्याला कितपत गुण येईल, हे डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येत नाही. तरी बाई पुन्हा पेशी ठेवून गेल्या, नव्या टाकीत.

मी आता मागच्या व्हरांड्यात कोरडी उभी असते. मित्रांनो, दुसऱ्याची ठेव सांभाळायला घेतलीत तर तिची कटकटही घ्या. आणि हातून ती गेलीच, तर ज्याची होती त्याला आपल्या तोंडानं सांगा.