एका वायरीत दोन आवाज

रेनोने आयुष्यभर कॅनडातल्या थंडर बेमधल्या घरांचं वायरिंग केलं. त्यामुळे जगातली कुठलीही वायर त्याला आपल्याच हुकमातली वाटते. हा माझा नवरा. त्याच्याबद्दल मी आता जे सांगणार आहे ते चिडून सांगणार आहे. चीड ओसरेपर्यंत थांबायची माझी इच्छा नाही.

माझ्याकडे दोन स्टुडिओ मॉनिटर आहेत. आहेत स्पीकरच, पण आवाज गोड करून ऐकवणारे नव्हेत. जसं वाजवाल तसंच तोंडावर सांगणारे. माझी गिटार आधी आवाज बदलणाऱ्या इफेक्ट्सच्या डब्यात जाते आणि तिथून या स्पीकरांत. घरी बसून मी एकेका गाण्याचा आवाज घडवते, डब्यात साठवते आणि शनिवारी माजी सैनिकांच्या लिजन हॉलमधल्या नाचाला तोच डबा काखोटीला मारून नेते. तिथे हॉलच्या मोठ्या स्पीकरांतून तो आवाज लोकांपर्यंत जातो. म्हणजे घरचे स्पीकर खरं बोलले तरच हॉलमध्ये माझी अब्रू राहते. लॉर्नाच्या बँडमध्ये इतकी वर्षं टिकले ती याच भरवशावर.

मार्चमध्ये रेनोने भिंतभर टीव्ही आणला आणि त्याच्याबरोबर टीव्हीचा आवाज स्पीकरांना पुरवणारा होम थिएटरचा रिसीव्हर.

"एवढे चांगले स्पीकर घरात पडलेत, मग दुसरे कशाला?" तो म्हणाला. "हॉकीचे प्लेऑफ तोंडावर आलेत. टीव्ही तुझ्या स्पीकरांनाच जोडतो."

"जोड, पण माझ्या जोडणीला हात लावू नकोस."

"अगं, तुला कळणारसुद्धा नाही," असं म्हणून तो कपाटामागे शिरला.

बाहेर आला तेव्हा सगळ्या वायरी पांढऱ्या पट्ट्यांनी आवळून, वर झाकण लावून, इतक्या नीटनेटक्या केल्या होत्या की मी त्याला कौतुकाने कॉफी करून दिली. ती कॉफी आठवली की आजही माझे हात शिवशिवतात.

त्याच आठवड्यात मी फ्लूने आडवी झाले. कानांना दडे बसले. बरी होऊन गिटार घेऊन बसले, तर आवाज लांबून, गोधडीखालून यावा तसा. वाटलं, कान अजून मोकळे व्हायचेत. आवाज वाढवला. मग ट्रेबल, म्हणजे आवाजाची धार, वाढवली. पुढच्या आठवड्यात आणखी वाढवली. सगळी गाणी अशी नव्याने घडवली आणि डब्यात भरून हॉलवर नेली.

हॉलमध्ये मी मोठ्या स्पीकरांच्या मागे, ड्रमच्या शेजारी उभी असते. तिथे मला फारसं काही कळलं नाही. समोरच्या टेबलांवरची माणसं मात्र ग्लास उचलून मागे सरकायला लागली. मध्यंतरात लॉर्ना जवळ आली.

"डोरीन, काय वाजवतेयस बाई? दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं वाटतंय."

"मला तर बोथट वाटतंय."

ती माझ्या कानांकडे बघत राहिली. तिची आईही अशीच हळूहळू बहिरी झाली होती.

घरी येऊन मी रेनोला विचारलं, "मला ऐकू येईनासं झालंय का रे?"

"वय झालं आपलं," तो टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला. "मला तरी कुठे पहिल्यासारखं ऐकू येतं?"

आणखी दोन-तीन शनिवार असेच गेले. मग एका सकाळी मी लॉर्नाला फोन केला आणि सांगितलं की कान गेले, मी थांबते. मला वाटलं होतं, ती भांडेल. ती म्हणाली, "तुला कसं सांगावं, याच विचारात होते गं." फोन ठेवून मी स्वयंपाकघरात उभीच राहिले. गिटार वाजवणारी बाई, एवढीच माझी या गावातली ओळख. ती मी स्वतःच्या हाताने देऊन टाकली होती.

कानाच्या तपासणीची वेळ त्यानंतर मिळाली. तिथली बाई कागद बघून म्हणाली, "तुमच्या वयाला इतके चांगले कान मी क्वचित बघते. तक्रार काय आहे तुमची?"

मी घरी आले, कोटही न काढता गिटार डब्याला लावली आणि डब्याला थेट हेडफोन लावला. एक तार छेडली. असा कर्कश आवाज कानात घुसला की मी हेडफोन भिरकावून दिला. महिनाभर मी लोकांना हे ऐकवत होते.

मग कपाट ओढलं, झाकण उपटलं, पांढऱ्या पट्ट्या कात्रीने कापल्या. माझ्या डब्याकडून येणारी वायर आणि रिसीव्हरकडून येणारी वायर, दोन्ही एका दुहेरी तोंडाच्या जोडात खुपसल्या होत्या, आणि तिथून एकच वायर स्पीकरात. दोन्ही स्पीकरांना तेच. मी वाजवत असताना टीव्ही बंद असायचा, आणि बंद पडलेला रिसीव्हर माझ्या गिटारचा आवाज मधल्यामध्ये गिळत होता. मी त्याच्या वायरी उपटल्या आणि एक तार वाजवली. खोली भरून गेली. मी रडले नाही. इतका संताप आला होता की रडायला जागाच नव्हती.

रेनो आमच्या गावच्या गुलाबी आयसिंगवाल्या पर्शियन बन्सचा खोका घेऊन आत आला.

"हे काय आहे?" मी तो जोड त्याच्यापुढे धरला.

"जोड आहे. का?"

"दोन आवाज एका वायरीत कोंबलेस?"

"अगं, दोन वायरी एकत्र पिळल्या की करंट जातो. जन्मभर हेच केलंय. माझ्या हातून एक घर जळलं नाही आजवर."

"हा घराचा दिवा नाही, रेनो. दुकानात विचारलं नव्हतंस?"

तो खोक्याची दोरी सोडायला लागला. "म्हणाला होता दुकानदार काहीतरी. मध्ये छोटा साउंड मिक्सर लागतो, नाहीतर दोन्ही एकमेकांना खातात म्हणे. त्यांना काय, डबे खपवायचे असतात."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"तेव्हा खरं नाही वाटलं."

"आणि मी बहिरी झाले म्हणून रडत होते तेव्हा? तेव्हाही एकदा डोक्यात आलं नाही तुझ्या?"

तो दोरी बोटाला गुंडाळायला लागला. मी त्याला सोडलं नाही. "बोल ना. आलं की नाही?"

"आलं," तो म्हणाला. "तू लॉर्नाला फोन केलास, त्याच्या आदल्या दिवशी."

"मग?"

"मग काय. दर गुरुवारी तुझी तालीम, दर शनिवारी तुझा नाच. मी एकटा जेवतो. मला वाटलं, सुटतंय आपोआप तर सुटू दे. दोघं बसू, मॅच बघू." मग खाली बघून, "बरं वाटत होतं गं, तू घरात असलीस की."

प्रेमाने म्हणाला, हे मला कळलं. म्हणूनच तो खोका मी भिंतीवर फेकला. माझे कान गेले असं मला वाटत राहिलं, आणि हा माणूस शेजारी बसून मॅच बघत होता. मी घरी असावं म्हणून त्याने मला माझ्याच कानांवर अविश्वास ठेवायला लावला. एखाद्याने दाराला कुलूप लावलं असतं तर निदान ते दिसलं तरी असतं.

लॉर्नाला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं, रेनोला दोन सणसणीत शिव्या हासडल्या, आणि मग म्हणाली, "पण तुझ्या जागी घेतलेल्या ब्रिजेटला मी या उन्हाळ्याचा शब्द दिलाय, डोरीन. तिला कशी काढू? गुरुवारी हॉलवर ये. वाजवून दाखव सगळ्यांना. कबूल मात्र काही करत नाही."

बुधवारी रेनो साउंड मिक्सर घेऊन आला आणि दुपारभर खपून त्याने तो बसवला. टीव्ही एका बटणावर, गिटार दुसऱ्यावर. आवाज लख्ख. "आता दोन्ही चालतील," तो म्हणाला आणि सोफ्यावर मला जागा करून बसला. मी त्या स्पीकरांवर माझी सगळी गाणी पुन्हा पहिल्यापासून घडवली. सोफ्याकडे फिरकले नाही.

गुरुवारी संध्याकाळी गिटार आणि डबा गाडीत ठेवला. तो दारात येऊन उभा राहिला.

"किती वाजता येशील?"

लग्न झाल्यापासून मी त्याला वेळ सांगून बाहेर पडत आले. या वेळी मी गाडीचं दार लावलं आणि निघाले.