कॅप्टन चपळ जिन्याने उतरतो

कॅप्टन चपळचा जांभळा सूट गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध होता आणि पार्कात नोकरीला असलेल्या कुठल्याही माणसापेक्षा महाग होता. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तसला प्रकार. सूटचा विमा होता; आत शिरणाऱ्याचा नव्हता. पहिल्या कॅप्टनच्या अंगाचा साचा घेऊन तो बनवला होता. तो कॅप्टन पुढे सुटला, म्हणजे नोकरीतूनही आणि पोटानेही, आणि मागे एक नियम राहिला: सूटची शिवण उसवायची नाही, वाढवायची नाही, आत घ्यायची नाही. सूट माणसाला होत नसेल, तर माणूस बदलायचा.

टोळ हा असाच बदलून आणलेला माणूस. हे नाव त्याला शाळेतच पडलं होतं, कारण तो वर्गात दारातून क्वचितच यायचा. सूट त्याला कातडीसारखा बसला. रोज संध्याकाळी तो पार्कातल्या मनोऱ्याच्या टोकावर उभा राहायचा, खाली माना वर करून गर्दी, आणि मग उडी. हवेत दोन कोलांट्या, एक गिरकी आणि खालच्या जाड गादीवर दोन पायांवर. मधल्या वेळात सगळ्या पार्काचा श्वास अडकायचा. टोळला पगार कमी होता, मुखवट्यामुळे तोंड कुणाला माहीत नव्हतं, लग्न ठरत नव्हतं. पण तो अडकलेला श्वास त्याचा होता, आणि त्याच्यावर त्याचं बरं चाललं होतं.

तो राहायचा ताईकडे. ताई कारखान्यात शिफ्ट करायची. दाजी पूर्वी पडद्यांच्या दुकानात होते. दुकान बसलं तेव्हापासून दाजीही बसले होते. दाजींना उंचीची भीती. स्वयंपाकघरातला बल्ब गेला तर ते दोन दिवस अंधारात चहा प्यायचे, पण स्टुलावर चढायचे नाहीत. म्हणून एका रविवारी ताईने भावाला स्टुलावर चढवलं. चार मजल्यांवरून रोज उडी मारणारा टोळ त्या स्टुलावरून पडला आणि त्याचं खांद्याचं हाड मोडलं.

हात गळ्यात आला. ताईने अपराधी वाटून त्याला असं काही खाऊ घातलं, की हाड सांधायच्या आधी पोट सुटलं. सूटच्या साफसफाईचं आणि चेन लावायचं काम करणाऱ्या टेलरबाईने त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि सांगितलं, की या कापडात ढेकरसुद्धा लपत नाही, तू कसा लपशील.

मॅनेजरसाहेबांनी बदलीचा माणूस शोधायचं ठरवलं. इथे टोळने डोकं चालवलं. कसरतीच्या क्लासातली पोरं दाराशी उभीच होती, सगळी सडपातळ, सगळी उड्या मारणारी. त्यातला एक जरी सूटमध्ये शिरला, तर तो पुन्हा बाहेर यायचा नाही. तेव्हा आत असा माणूस पाहिजे, ज्याला सूट होईल पण उडी जन्मात जमणार नाही. म्हणजे चार दिवसांत साहेब कपाळाला हात लावतील आणि टोळची वाट बघत बसतील.

टोळने जेवताना समोर पाहिलं. दाजींची उंची तीच, खांदे तेच आणि पोट तर मुळातच नव्हतं.

“म्हणजे मी असा, सगळं अंग दाखवत, लोकांसमोर उभा राहू?” दाजी म्हणाले.

टोळने समजावलं, की सगळं अंग झाकलेलं असतं, तोंडसुद्धा.

“तोंड झाकून काय उपयोग? लाज वाटण्यासारखं बाकीचंच आहे.”

पण ताईने हातातला डाव खाली ठेवला आणि नवऱ्याकडे नुसतं बघितलं, आणि दाजी तयार झाले.

सूट त्यांना असा बसला, की साहेबांनी पुढच्या सगळ्या पोरांना घरी पाठवलं. उडीचं कुणी विचारलंच नाही. विचारायचं असतं हे त्या पार्कात कुणाला माहीतच नव्हतं. तिथे माप जुळलं की माणूस जुळला. संध्याकाळी दाजींना मनोऱ्यावर नेलं. ते टोकाशी आले, खाली पाहिलं आणि कठड्याला असे चिकटले, की जांभळा रंग दिल्यासारखे दिसू लागले. खाली गर्दी ताटकळली. साहेब भोंग्यावरून आधी ‘कॅप्टन’ म्हणाले, मग ‘अहो’ म्हणाले, मग भोंगा बंद करून जे म्हणाले ते जवळच्यांनाच ऐकू आलं. टोळ गळ्यात हात अडकवून कोपऱ्यात उभा होता आणि फार दिवसांनी त्याला बरं वाटत होतं.

मग दाजी जिन्याने उतरले. कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, मध्ये थांबत. दारातून बाहेर आले आणि तिथल्याच शेवटच्या पायरीवर बसले. समोर एक लहान मुलगी उभी होती. कॅप्टन चपळ इतक्या जवळून कुणी कधी पाहिलाच नव्हता. तो वरून यायचा आणि गादीच्या मागच्या दाराने पसार व्हायचा. दाजींनी दुकानदारी आवाजात विचारलं, “काय बाळ, कितवीत आहेस? घरी खिडक्या किती आहेत?”

मुलगी हसली आणि मोजू लागली. तिच्यामागे दुसरं पोर आलं, त्याच्यामागे तिसरं, आणि बघता बघता रांग पार्काच्या फाटकापर्यंत गेली. आईबाप फोटो काढत होते. साहेबांनी भोंगा खाली ठेवला.

त्या आठवड्यापासून उडी बंद. उडी झटक्यात संपायची आणि लोक घरी जायचे. कॅप्टन जिन्याने उतरायला लागला तसे लोक आधीपासून जागा धरू लागले, उभ्या उभ्या खाऊपिऊ लागले. भिंतीवर नवी पाटी लागली: ‘कॅप्टन चपळला भेटा’. गादी अवजड होती म्हणून कुणी हलवली नाही, ती जिन्याच्या दाराच्या उलट बाजूला, म्हणजे आता मनोऱ्यामागे, तशीच पडून राहिली. दाजी घरी आल्यावर ताई त्यांना आधी वाढू लागली. दाजींच्या चालण्यात एक तोरा आला, आणि उपदेशही. उडी काय, दगडही मारतो, ते एकदा म्हणाले. माणसाला उतरता आलं पाहिजे.

टोळने आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता आणि धोंड्याला आता घरात मान होता.

त्याने पोट उतरवलं. हाड जुळलं. तो साहेबांपुढे जाऊन उभा राहिला. साहेबांनी परीक्षा घेतली: शेजारच्या खोलीतून हिशेबनीसांचा मुलगा बोलावला आणि म्हणाले, याच्याशी बोलून दाखव. टोळने बराच विचार केला आणि मुलाला विचारलं, तुला काय पाहिजे. मुलगा रडायला लागला. स्वतःच्याच नोकरीच्या परीक्षेत टोळ नापास झाला.

मग नवा मोसम सुरू व्हायच्या दिवशीच दाजींची कंबर धरली. रोज जिना उतरून उतरून धरली होती. साहेबांना कळलं तर जागा जाईल, म्हणून दाजींनी पलंगावरूनच मेहुण्याला बोलावलं. आजच्या दिवस तू जा, म्हणाले. वर उभा राहा, हात हलव, जिन्याने ये, पोरांना खिडक्या विचार. टोळने मान डोलावली. ती मान खरी होती की खोटी, हे त्यालाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

टेलरबाईने मुखवटा घातलेल्या माणसाची चेन मागून वर ओढली. मधेच थांबली.

“पाठ बदलली वाटतं,” ती म्हणाली, आणि चेन शेवटपर्यंत लावली.

वर वारा नेहमीचा होता. टोळ मागच्या बाजूला गेला. गादीवर ताडपत्री होती, पण गादी होती. त्याने दोन्ही हात पसरले. खाली सगळा पार्क भरलेला होता. इतकी गर्दी त्याने कधी पाहिली नव्हती. त्याने श्वास घेतला आणि उडी मारली. तीन कोलांट्या. दोन नव्हे, तीन. आणि त्यात गिरकी अशी बसली, की आपल्या अंगाला हे येत होतं याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. तो गादीवर दोन पायांवर उतरला, गुडघा वाकला नाही, हात वर गेले.

आणि काहीच झालं नाही.

रांग मनोऱ्याला वळसा घालून गादीपर्यंत आली होती, पण सगळी माणसं जिन्याच्या दाराच्या दिशेला तोंड करून उभी होती. एकूण एक पाठ त्याच्याकडे होती. धप्प आवाजाने एका बाईने वळून विचारलं, काय पडलं हो? मग एका पोराला जांभळं काहीतरी दिसलं आणि ते किंचाळलं, की कॅप्टन पडला. सगळी रांग फुटली. मुलं रडू लागली, बाया डोळ्यांना पदर लावू लागल्या, कुणीतरी त्याला धरून झोपवलं. टोळ सांगत होता, की मी पडलो नाही, उडी मारली. मुखवट्यातून ते कण्हल्यासारखं ऐकू येत होतं.

त्याला उचलून आत नेलं. टेलरबाईने सगळ्यांना बाहेर काढून दार लावलं, चेन खाली ओढली आणि मागच्या वाटेने जायला सांगितलं.

घरी ताई दारातच उभी होती. बातमी आधीच पोहोचली होती, साहेबांचा काळजीने फोन आला होता, आणि दाजींनी पलंगावरून कण्हत सांगितलं होतं, की हो, पाय घसरला. कंबर दुखतच होती. आता तिला कारणही मिळालं.

“तू तोंड उघडलंस, तर यांचीही नोकरी जाईल आणि तुझी यायची नाही,” ताई म्हणाली. “तीन मारल्यास ना? बरं. ते आता पोटात ठेव.”

टोळने ठेवलं.

दाजी कामावर परतले तेव्हा काठी टेकत जिना उतरले. इतक्या टाळ्या त्या पार्कात कधी पडल्या नव्हत्या. पोरांनी चित्रं काढून आणली, ‘कॅप्टन, जपून चाला’ लिहिलेली. साहेबांना गहिवरून आलं आणि त्यांनी दाजींना कायम केलं. दाजी मनाने वाईट नव्हते; त्यांनी लगेच मेहुण्यासाठी शब्द टाकला. टोळला जिन्याखाली रांग लावायचं काम मिळालं. त्यासाठी सैल शर्ट होता, कुणाच्याही मापाचा.

पहिल्याच दिवशी रांगेतल्या एका मुलाने त्याची बाही ओढली आणि विचारलं, कॅप्टन वरून पडला तेव्हा तुम्ही इथे होतात का.

टोळने त्याला खांद्याला धरून ओळीत नीट उभं केलं.

“होतो,” तो म्हणाला. “पण माझी पाठ होती तिकडे.”