पाहुण्यानं कोला खाल्ला

ओझोएमेना काकांनी कोलाच्या फळाची बी नखानं फोडली आणि पाकळ्या मोजल्या.

"चार! चांगला शकुन आहे, पोरा," ते इफेडिओराला म्हणाले.

गावात उरलेली ती एकच बी. ती पाहुण्याला दिल्याशिवाय बोलणी कशी सुरू करायची? नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राचं सरकार आज आहे, उद्या नाही. रीत कशी सोडायची? काकांनी आशीर्वाद म्हटला, परदेशी दूतानं आपली पाकळी चावून गिळली. काका खुशीत अंगणात गेले. त्या दोघांची इंग्रजी त्यांना कुठली कळायला!

आत दूतासमोर इफेडिओरा उरला. बियाफ्राचा परराष्ट्रमंत्री म्हणे! अडीच वर्षं देशोदेशीचे उंबरठे झिजवून त्याच्या बुटांचे तळ गेले होते.

"आमच्या सरकारकडून तुमच्या देशाला मान्यता मिळणार नाही," दूत हळूच म्हणाला. "नायजेरियाची फौज उद्या सकाळी इथं पोचेल. आज संध्याकाळच्या विमानात तुम्हाला आणि काकांना जागा ठेवलीय."

बाहेर एकदम टाळ्या वाजल्या.

"ऐकलंत का गं, पाहुण्यानं कोला खाल्ला! आता तो आपला, त्याचं राज्य आपल्या पाठीशी!" काका ओरडत होते. बायकांनी जंगलात पळायला बांधलेली गाठोडी सोडायला घेतली.

 इफेडिओरा धावत बाहेर गेला.

"सोडू नका! त्यांनी मान्यता दिली नाही. फौज उद्या येतेय. आत्ता निघा!"

गाठोड्यांवरचे हात थांबले.

"खाल्ला ना त्यानं कोला?" काकांनी विचारलं.

"खाल्ला."

"मग?"

"त्यांच्यात तो नुसता खातात, काका."

काका मांडीवर थाप मारून हसले.

"मुत्सद्दी आहे गं आमचा! शत्रूचे कान असतात ना, म्हणून असं बोलतोय."

"अस्सं होय!" एक म्हातारी डोळे मिचकावून म्हणाली. "साहेब, रेडिओवर तुम्हीच सांगता, धीर धरा, मदत येतेय. धरलाय की धीर!"

सगळे हसले. गाठोडी पुन्हा सुटू लागली.

आणखी बोलून काय होणार होतं? त्याच्याच शब्दांनी ही माणसं इथं बसवून ठेवली होती. त्याला स्वतःचीच किळस आली.

त्यानं काकांची चटई गुंडाळून काखेत मारली, त्यांचं पातेलं डोक्यावर ठेवलं. दारात दूत घड्याळाकडे बघत उभा होता. त्याच्या मोटारीला वळसा घालून सुटाबुटातला परराष्ट्रमंत्री जंगलाच्या वाटेला लागला.

"अरे, हे काय नाटक?" काका मागून ओरडले.

तो थांबला नाही. बराच वेळ पाठीमागे काहीच हाललं नाही. मग कुणीतरी "चला, चला" म्हणत पोरांना हाका मारू लागलं.